दारची पाखाडी आणि पाण्याची वहिवाट

कोकणातील घराचे दार थेट रस्त्यावर क्वचितच उघडते. रस्ता एक तर वर सड्याच्या कडेने जातो, नाही तर खाली शेताच्या वा खाडीच्या अंगाने; आणि तेथून गडग्यातले बेडे ओलांडून, आंब्याफणसांच्या सावलीतून, जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांनी चढत-उतरत अंगणापर्यंत आणून सोडण्याचे काम पाखाडी करते. माप ओलांडावयास येणारी नवी सून, शिमग्याची पालखी, भाद्रपदात डोक्यावरून येणारी गणपतीची मूर्ती, जेथे वाहन पोचत नाही तेथून आजाऱ्याला दवाखान्याकडे नेणारी डोली आणि घरातून अखेरचे निघालेले माणूस, ही सारी त्याच एका वाटेने येतात आणि जातात. म्हणून भिंतींबाहेर असूनही पाखाडी हा घराचाच एक अवयव मानला गेला आणि तिच्या मरामतीचा भार घरधन्याने ओटी-माजघराइतक्याच आस्थेने वाहिला.

आता या पाखाड्या झपाट्याने बदलत आहेत. झिजलेले चिरे उखडावेत, त्या जागी सिमेंट-काँक्रीटचा अखंड पट्टा ओतावा, ऐपत असल्यास त्यावर चकचकीत लादी बसवावी आणि त्याच सपाट्यात अंगणही कडेपासून कडेपर्यंत बंद करून टाकावे, हा परिपाठ गावोगाव रूढ होत चालला आहे. झिजलेली वाट बदलणे रास्तच आहे. घरातील म्हातारी माणसे घसरून पडत असतील तर ते कर्तव्यच होय. परंतु ती बदलताना आपण प्रथम डोळ्यांचा विचार करतो, मग पायांचा, आणि पाण्याचा विचार पहिल्या पावसात अंगणात तळे साचले म्हणजे करतो. पावसाळी मुलखात हा क्रम नेमका उलटा असावयास हवा, दारची वाट ही आधी पाण्याची वाट आणि मग माणसाची वाट या समजुतीने बांधली गेली पाहिजे, एवढेच मला येथे आग्रहाने मांडावयाचे आहे.

या मुलखातील पावसाचे मान एकदा अंकांत मांडून पाहावे. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, या साध्या हिशेबाने २५ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद पाखाडीवर एका पावसाळ्यात एक लाख लिटरांहून अधिक पाणी थेट आकाशातून पडते. ज्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस होतो, आणि असे दिवस आषाढ-श्रावणात नवलाचे नाहीत, त्या एका दिवसाचे पाणी पावणेचार हजार लिटर भरते. उतारावरून वाहत येणारे वरच्या परड्याचे पाणी आणि कौलांवरून पागोळ्यांनी अंगणात उतरणारे पाणी या हिशेबात धरलेलेच नाही. घराचा पाया खणला जाण्यापूर्वीपासून हे पाणी त्या उतारावरून जात आले आहे. त्या जागेचा सर्वांत जुना वहिवाटदार तेच होय, आणि त्याची वहिवाट मोडू पाहणाऱ्याला ते एक-दोन पावसाळ्यांत उत्तर देते.

जुन्या गवंड्यांनी या वहिवाटदाराशी सलोखा राखला होता, आणि त्या सलोख्याचे साधन त्यांच्या पायांखालीच होते. जांभा हा लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी समृद्ध असा सच्छिद्र दगड. उष्ण, पावसाळी हवेत मूळ खडक युगानुयुगे झिजून त्यातील विरघळणारी द्रव्ये धुऊन गेली आणि जे मागे राहिले त्याचा हा दगड झाला. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात मलबारातील याच जातीच्या दगडाविषयी जे नोंदले, ते कोकणातला प्रत्येक खाणकामगार अनुभवाने जाणतो: खाणीत असताना तो लोखंडी हत्याराने सहज कापला जातो आणि हवा लागली म्हणजे विटेसारखा कठीण होतो. त्याची पाठ खडबडीत असल्यामुळे ओल्या पावलाला पकड मिळते. चिरे एकमेकांशेजारी सिमेंटावाचून बसविले असल्यामुळे सांध्यांतून पाणी खाली मुरते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की खालची जमीन कुठे खचली तर तेवढाच एक चिरा खाली बसतो, पहारीने तो उचलावा, खाली मूठभर कच सारावी आणि पुन्हा जागेवर बसवावा, एवढ्या सकाळभराच्या कामात पाखाडी पूर्ववत होते. फार झिजलेला चिरा उलटून त्याची न वापरलेली पाठ वर आणता येते. ज्या मुलखात जमीन दर पावसाळ्यात थोडी हलते, तेथे वाटेनेही तिच्याबरोबर थोडे हलावे आणि पुन्हा सावरावे, हे त्या बांधणीतले शहाणपण होते.

काँक्रीटच्या अखंड पट्ट्याला हे जमत नाही. उतारावरून येणारे पाणी पट्ट्याच्या कडेशी अडते, कडेची माती धुऊन खाली शिरण्यास वाट काढते आणि पट्ट्याखालची बारीक माती कणाकणाने वाहून नेते. वरून पट्टा धडधाकट दिसत असतो, पण त्याच्या पोटाखाली पोकळी वाढत जाते; आणि एखाद्या वर्षी, वीट-वाळूची पाटी घेऊन कोणी गेले वा मोटारसायकल चढली की तो आडवा तडकतो. मग भेगेतून आणखी पाणी शिरते आणि नासाडीचा वेग वाढतो. चिरा खचला तर एक चिरा उचलावा लागतो. पट्टा फुटला तर पट्टा फोडावा लागतो, आणि तो फोडलेला माल पुढे फार तर भरावाच्या कामी येतो.

यात काँक्रीटचा दोष नाही, ते घालण्याच्या रीतीचा आहे. दर दोन-अडीच मीटरांवर सांधा ठेवल्यावाचून घातलेले काँक्रीट आकसताना स्वतःच आपला सांधा पाडून घेते, आणि त्यालाच आपण तडा म्हणतो. शिवाय कोकणात या कामाचा हंगाम चैत्र-वैशाखाचा. मुंबईकर चाकरमानी मे महिन्यात गावी येतात, पैसे उभे राहतात, गवंडी मिळतो आणि मृग लागण्याच्या आत काम उरकण्याची घाई सुरू होते. आता आय.एस. ४५६ हे भारतीय मानक सांगते की साध्या सिमेंटचे काँक्रीट निदान सात दिवस, आणि कोरड्या उष्ण हवेत निदान दहा दिवस, सतत ओले ठेवले पाहिजे. परंतु ज्या गावात वैशाखात विहिरीने तळ गाठलेला असतो आणि पिण्याच्या पाण्याची वाट पाहावी लागते, तेथे पाखाडीवर दिवसातून चार वेळा पाणी मारण्यास कोण धजेल? मग पृष्ठभाग कच्चा राहतो, पुढच्या पावसाळ्यात त्याची भुकटी सुटते, खडी वर येते आणि दोष मात्र सिमेंटाला लागतो. पाण्याच्या दुर्भिक्षात पाणी मागणारे काम करावयाचे आणि पाण्याच्या महापुरात पाणी नाकारणारी वाट वापरावयाची, अशा दुहेरी विसंगतीत आपण सापडलो आहोत, आणि तिचे मूळ ऋतूकडे पाठ फिरवून काम आखण्यात आहे.

चकचकीत लादीविषयी स्पष्टच बोलले पाहिजे. दिवाणखान्यासाठी घडविलेली गुळगुळीत लादी उघड्या पावसात पायऱ्यांवर बसविणे हा अपघाताला दिलेला परवाना आहे. श्रावणात तिच्यावर शेवाळाचा पातळ थर चढतो, तो उजेडात दिसतही नाही, आणि डोक्यावर मूर्ती वा हातात कळशी असलेल्या माणसाला तोल सावरण्यास हात मोकळा नसतो. शेवाळ जांभ्यावरही धरते, हे मान्यच करावयास हवे. दाट सावलीत तर ते भरपूर धरते. पण खडबडीत दगडावर ते खराट्याने घासून काढता येते आणि घासल्यावर दगडाची पकड परत येते. ब्लीचिंग पावडर फासून शेवाळ मारण्याची रीत सोपी वाटली तरी ते पाणी शेवटी परसातल्या झाडांच्या मुळांशी आणि विहिरीकडेच जाते, याचे भान राखावे. पावसाआधी वाटेवरील फांद्या छाटून ऊन आत घेतले आणि पावसाळाभर आठवड्याला एकदा खराटा फिरवला, तर औषधाची गरज बहुधा पडत नाही.

पेव्हर ब्लॉकचे तसे नाही. तो नीट बसविला तर चिऱ्याचा चुलतभाऊ ठरू शकतो. आय.एस. १५६५८ या मानकाने त्याच्या जाडीचे आणि बळाचे दर्जे ठरवून दिले आहेत. पण तो दाबून घट्ट केलेल्या खडीच्या थरावर, वाळूच्या गादीवर, सांध्यांत बारीक वाळू भरून आणि दोन्ही कडांना पक्के कडदगड रोवून बसविला पाहिजे. खाली काँक्रीट ओतून त्यावर सिमेंटाने चिकटवलेल्या आणि सांधे सिमेंटानेच बुजवलेल्या ब्लॉकांत त्याचा एकही गुण शिल्लक राहत नाही. मग त्याला केवळ नक्षी म्हणावे.

तर मग वाट बांधावी कशी? प्रथम भर पावसात छत्री घेऊन आपल्या जागेवर उभे राहावे आणि पाणी कोठून येते, कोठे थांबते व कोठून निघून जाते हे पाहून ठेवावे. उन्हाळ्यात काढलेला कोणताही नकाशा या निरीक्षणाची जागा घेऊ शकत नाही. पाऊस ओसरला, जमीन वाफशावर आली म्हणजे मार्गशीर्षापासून काम हाती घ्यावे. तेव्हा विहिरीला पाणी असते आणि गवंड्याला सवडही असते. पालापाचोळ्याची वरची भुसभुशीत माती पूर्ण काढावी, कारण ती दबते आणि दबतच राहते. त्याखाली दगडगोटे व मुरूम थराथराने घालून प्रत्येक थर धुमसाने चोपावा, वर तीन-चार सेंटिमीटर कचेची गादी करावी आणि तीवर चिरे बसवावेत. कडेचे चिरे उभे रोवून अर्ध्याहून अधिक जमिनीत जाऊ द्यावेत, म्हणजे मधले सरकत नाहीत. चिरा निवडताना गडद तांबडा, टणक आणि काही महिने हवा खाल्लेला घ्यावा. पिवळसर, मातकट चिरा पायाखाली दोन वर्षांत उगाळला जातो. जुन्या पडक्या जोत्याचे वा गडग्याचे चिरे मिळाले तर तेच उत्तम, कारण नव्या चिऱ्यासाठी कुठला तरी सडा खरवडला जात असतो, याचाही जमाखर्च मांडला पाहिजे.

यानंतर ढाळ. सपाट भागाला रुंदीत चाळीस ते पन्नासास एक, म्हणजे मीटरभर रुंदीला दोन-अडीच सेंटिमीटर, एवढा ढाळ द्यावा आणि तो नेहमी घराच्या जोत्यापासून दूर असावा. प्रत्येक पायरीलाही पुढच्या अंगाला किंचित कल असावा, म्हणजे तिच्यावर पाणी ठरत नाही. पाणी लांब उतारावरून एकसारखे वाहत गेले तर त्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की ते माती उचलते. म्हणून चढाच्या पाखाडीत ठराविक अंतरावर आडवी पन्हळ काढून पाणी वेळीच बाजूच्या चरात वळवावे, आणि तो चर माडाच्या आळ्याकडे, परसातल्या शोषखड्ड्याकडे किंवा पऱ्याकडे न्यावा. ज्या रेषेत पागोळ्या पडतात तेथे तर दगडी पन्हळ अवश्य असावी, नाही तर कितीही भक्कम वाट त्या रेषेत कोरली जाते. पाखाडीच्या अंदाजपत्रकात चराचा आणि पन्हळीचा खर्च जादा म्हणून धरू नये. वाटेचे आयुष्य तेच ठरवितात, दगड ठरवीत नाही.

पाण्याची तजवीज झाली म्हणजे पायांची. पायरीची उंची सुमारे पंधरा सेंटिमीटर आणि रुंदी तीस सेंटिमीटरांहून अधिक असावी, आणि सर्व पायऱ्या एकसारख्या असाव्यात. चढताना पाऊल पहिल्या दोन पायऱ्यांत उंचीचा अंदाज बांधते आणि मग त्या अंदाजावरच चालते, त्यामुळे मध्येच एखादी पायरी दोन-तीन सेंटिमीटरांनी चुकली की माणूस तेथेच अडखळतो. जुन्या पाखाड्यांतील हा खरा दोष होता, आणि त्यांचे गुण गाताना तो लपवू नये. उंच-सखल, पोकळ झिजलेल्या, कठड्यावाचून असलेल्या पायऱ्यांनी किती तरी वृद्धांना घरात कोंडून घातले आहे. काँक्रीटचा आग्रह धरणाऱ्या मुलाच्या मनात बहुधा आपल्या आईचे दुखरे गुडघे असतात, आणि त्या भावनेचा आदर केलाच पाहिजे. परंतु तिच्या गुडघ्यांना हव्या असतात समान, ठेंगण्या पायऱ्या, एका बाजूस हाताला लागेल असा भक्कम कठडा, रात्री दिवा, आणि उतार परवानगी देत असेल तेथे बारास एक याहून तीव्र नसलेला चढ. यातली एकही गोष्ट चिऱ्यांत अशक्य नाही, आणि गुळगुळीत पट्ट्यात यातली एकही आपोआप मिळत नाही.

आपल्या दारापुरता विचार केला तरी प्रश्न दारापाशी संपत नाही. आपण अडविलेले पाणी शेजाऱ्याच्या आवारात शिरते, आणि कोकणातील किती तरी भावकीचे कज्जे याच पाण्यातून उगवलेले आहेत. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ या जुन्या कायद्याने मामलेदाराला दोन अडथळे दूर करण्याचा अधिकार दिला आहे, हे फार अर्थपूर्ण आहे. शेताकडे जाणाऱ्या वाटेवरील अडथळा हा एक, आणि शेती, चराई, झाडे वा पिके असलेल्या जमिनीवरून शेजारच्या जमिनीकडे जाणाऱ्या पृष्ठजलाच्या नैसर्गिक प्रवाहाला बेकायदा घातलेला व त्या शेतजमिनीस वा पिकांस नुकसानकारक ठरणारा अडथळा हा दुसरा. कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्यासाठी दाद मागता येते. माणसाची वहिवाट आणि पाण्याची वहिवाट यांना कायद्याने एकाच कलमात शेजारी बसविले. आपण मात्र पहिलीसाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडतो आणि दुसरीची दखलही घेत नाही.

जमीन बंद करून पाणी नाकारण्याचे हेच काम घराघरांतून घडले म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी मुंबईकडे वळावे. त्या शहरातील पर्जन्यजलवाहिन्यांची जुनी आखणी ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होती आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे तिच्यात गृहीत धरले होते. याच वाहिन्यांच्या सुधारणेसाठीच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरला, आणि एक थेंबही मुरणार नाही, सारे पाणी वाहूनच न्यावे लागेल असे मानले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा कोणतीच योजना पुरी पडणे शक्य नव्हते, हे खरे. परंतु त्या दोन गृहीतकांमधील अंतर हे आच्छादल्या गेलेल्या जमिनीचे अंतर आहे. शहराला तो मार्ग गर्दीने घ्यावयास लावला. पाच-दहा गुंठ्यांच्या आवारात एक घर असलेल्या गावाने तो हौसेने घ्यावा आणि मार्च-एप्रिलमध्ये टँकरसाठी अर्ज करावा, याला कोणतेही समर्थन नाही. शंभर चौरस मीटरांचे अंगण सिमेंटाने बंद केले तर एका पावसाळ्यात तीन लाख लिटर पाण्याला आपण त्या जागी मुरण्यास मनाई करतो; ते पाणी आपल्याच विहिरीचे असते.

म्हणून ग्रामपंचायतींकडे माझ्या काही स्पष्ट मागण्या आहेत. सार्वजनिक पाखाड्या पंचायतीच्या आणि जिल्हा नियोजनाच्या पैशांतून बांधल्या जातात, आणि खाजगी घरे त्यांचेच अनुकरण करतात. तेव्हा सुधारणेचा आरंभ तेथूनच व्हावा. ज्या अंदाजपत्रकात ढाळ, चर, पन्हळ आणि पाणी शेवटी कोठे जाणार याचा उल्लेख नाही, त्याला मंजुरी देऊ नये. आर्थिक वर्ष संपत आले म्हणून मार्चअखेरीस काम काढण्याची प्रथा बंद करून ते फाल्गुनापूर्वी पुरे होईल अशी मुदत घालावी. मक्तेदाराची अनामत रक्कम एक पूर्ण पावसाळा उलटून, आश्विनात प्रत्यक्ष पाहणी झाल्यावाचून परत करू नये. पावसाळी मुलखातील बांधकामाचा खरा परीक्षक पाऊसच होय आणि त्याचा अभिप्राय दप्तरी दाखल झाल्याखेरीज काम पुरे झाले असे म्हणता येत नाही. जेथे जुनी चिऱ्यांची पाखाडी सुस्थितीत आहे तेथे ती उखडून नवी घालण्याऐवजी तिच्या मरामतीसाठी दरवर्षी थोडी तरतूद ठेवावी, आणि चिऱ्याचे काम जाणणारे जे गवंडी अजून आहेत त्यांच्या हाताखाली गावातील दोन-चार तरुण तयार करावेत. आज दुरुस्तीला मान नाही आणि उद्घाटनाला आहे. या एका गोष्टीने आपल्या किती तरी वाटा अकाली मोडल्या आहेत.

आणि गावी पैसे पाठविणाऱ्या चाकरमान्यांना एक विनंती. आपल्या कष्टाच्या पैशातून आईवडिलांना चांगली वाट मिळावी, ही इच्छा थोर आहे. ती पुरी करताना दुकानातील लादीचा रंग ठरविण्याआधी पावसाळ्यात एकदा गावी या, पाणी कसे वाहते ते वडिलांना विचारा, आणि निम्मा खर्च डोळ्यांना न दिसणाऱ्या थरांवर व चरांवर करण्याची तयारी ठेवा. अंगण मातीचे राहू द्या, झाडांच्या बुंध्यांभोवती जमीन उघडी ठेवा आणि पाखाडी सांधेदार बांधा. अशी वाट छायाचित्रात फार चमकणार नाही. पण दर वर्षी ती थोडक्या श्रमांत दुरुस्त होईल, ओल्या पावलाला धरून ठेवील, आणि तिच्यावर पडलेले पाणी पुढच्या उन्हाळ्यात आपल्याच विहिरीत सापडण्याची शक्यता राखील. पावसाच्या मुलखात राहावयाचे तर घरबांधणीच्या प्रत्येक निर्णयात पाण्याला त्याचा हक्क द्यावाच लागतो, आणि तो देण्यास दारच्या वाटेइतकी सोपी, स्वस्त आणि आपल्या हातातली जागा दुसरी नाही.